भट्टीशेजारची जागा

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत पेट्रोल मिळेनासं झालं आणि आपल्याकडच्या प्रवासी मोटारी कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या, हे आजच्या मुलांना सांगितलं तर ती हसतात. मीही त्यांना हसवत आलो. पुण्यातल्या ज्या शाळेत मी फिटिंग शिकवतो तिथं मधल्या सुट्टीत माझे ते किस्से ठरलेले असत. चढ लागला की उतारूंनी खाली उतरून गाडी ढकलायची. लग्नाला निघालेला नवरदेव काजळी पुसत पुसत मांडवात शिरला. असलं बरंच काही. एका परिचितांनी ते ऐकलं आणि त्यांच्या मासिकासाठी गमतीदार लेख मागितला. मी लिहायला बसलो. मलकापूर लिहिलं, मोताळा लिहिलं, राजूर घाटाशी आलो आणि थांबलो. तीन रविवार थांबलो. मग रजेचा अर्ज टाकला आणि वऱ्हाडच्या गाडीत बसलो.

गमतीदार लेख आता होणार नाही. त्या घाटात माझ्या गाडीत शांता नावाची एक बाळंतीण मेली. ती कशानं मेली हे मला माहीत होतं. आळ तिच्या भावजयीवर आला आणि मी गप्प बसलो. ती भावजय, गिरजाबाई, हयात असेल तर तिला आणि तिच्या माणसांना खरं सांगायचं, एवढ्यासाठी मी गेलो होतो. अठरा वर्षांनी गेलो.

मलकापूर

स्टेशनाबाहेर आलो आणि घाईनं चुकीच्या गाडीत बसलो. गाडी जळगाव जामोदची निघाली. गाव संपल्यावर कंडक्टर तिकिटाला आला तेव्हा कळलं. त्यानं मला वाटेतच उतरवलं. "मोताळ्याले जाचं त इकडं काऊन बसले, काका?" एवढंच म्हणाला. पिशवी खांद्याला लावून मागं चालत आलो. खरं सांगायचं तर त्या चुकीनं मला बरंच वाटलं. तासभर उशीर झाला होता.

पुढच्या गाडीची वाट पाहताना एका खानावळीत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि कच्चा कांदा खाल्ला. पुण्यात पाहुण्याला आधी विचारतात, मग वाढतात. इथं विचारत नाहीत. ताट रिकामं दिसलं की भाकरी पडते. नको म्हटलं तर वाढणारा रागानं पाहतो.

ती मोटार कशी असे हे इथंच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. गाडीच्या मागच्या अंगाला माणसाच्या उंचीची लोखंडी भट्टी बसवलेली. तिच्यात वरून बाभळीचा कोळसा भरायचा, नाही मिळाला तर लाकडाचे तुकडे. खालून पेटवायचं आणि हातानं पंखा फिरवत राहायचं. पाव तासानं गॅस धरला की तो नळातून, गाळणीतून इंजिनात जाई. बाकी सगळं पेट्रोलच्या गाडीसारखं, फक्त दम निम्मा. इंजिन चालू असतं तेव्हा ते भट्टीतला गॅस ओढून घेतं, त्यामुळे झाकणाला फट असली तरी बाहेरची हवा आत जाते, आतला गॅस बाहेर येत नाही. गाडी उभी करून पंखा फिरवला की उलटं होतं. फटीतून गॅस बाहेर पडतो. त्याला धूर नाही, म्हणण्यासारखा वास नाही. आधी डोकं दुखतं, मग झोप येते. म्हणून आमच्या वर्कशॉपात एक नियम होता: गाडी उभी, भट्टी पेटती, तर गाडीत माणूस ठेवायचा नाही.

मी त्या गाडीवर फिटर होतो. नियम मला पाठ होता.

मोताळा, पण उतरलो नाही

मलकापूर-मोताळा रस्ता आता डांबरी झाला आहे. दोन्ही बाजूंना कपाशीची वेचून झालेली उघडी शेतं, मधूनमधून हरभरा, आणि पळस इतका फुललेला की शेजारचा म्हातारा म्हणाला, यंदा लग्नं लय हायेत. मी तिकीट मोताळ्याचं काढलं होतं. शांता आणि गिरजाबाई याच थांब्यावर माझ्या गाडीत चढल्या होत्या. इथून रोहिणखेड जवळ, ते शांताचं माहेर. तिथंच जायचं होतं.

गाडी थांबली. बाजाराचा दिवस होता. मिरच्यांचे ढीग, मातीची मडकी, बैलांच्या गळ्यातल्या माळा. मी खिडकीतून पाहत राहिलो आणि उठलो नाही. गाडी सुटल्यावर कंडक्टरनं दुसरं तिकीट फाडलं. मी स्वतःला सांगितलं की आधी धाडला जाऊ, तिच्या सासरी, तिथं काय स्थिती आहे ते पाहू. माणूस भ्याला की त्याला असल्या पद्धतशीर युक्त्या सुचतात.

त्या दोघी चढल्या ते पौषातले दिवस होते. शांताचं बाळंतपण होऊन सव्वा महिना झाला होता आणि सासरहून निरोपावर निरोप येत होते. तिचा भाऊ नामदेव बैलगाडीतून दोघींना मोताळ्यापर्यंत घेऊन आला. शांता एकोणीस-वीस वर्षांची, कानात कापूस, डोक्याला फडकं, दातावर दात वाजत होते. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही, हे आपल्याकडं सगळीकडं आहे, पण वऱ्हाडात मी त्याचा फार कडक अंमल पाहिला. नामदेवनं मला विचारलं, कुठं बसवू? मी म्हणालो, मागं बसवा, भट्टीच्या शेजारी, ऊब राहील. गाड्यांवरचा तो आमचा शिरस्ताच होता. थंडीत लेकुरवाळ्यांना मागची जागा. लोक आम्हाला दुवा देत. नामदेवनं वरच्या दांडीला गोधडी बांधून तिच्याभोवती खोलीच केली. मी एक टोक धरलं.

झाकणाची फट बुजवणारी अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी आठवडाभर आधी जळून गेली होती. नवी येत नव्हती. मी चुलीला लिंपतात तशी शेणमाती लिंपली आणि मालकाला सांगितलं, झाकण दुरुस्त केलं. शेणमाती तापली की तडकते. हे घरातल्या बाईला विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं.

धाड

बुलढाण्यात मुक्काम करून सकाळी धाडला गेलो. शांताचे यजमान केशवराव घरीच भेटले. कांद्याचं पीक, दुसरं लग्न, भरलेलं घर. जुन्या मोटार कंपनीतला माणूस म्हटल्यावर त्यांनी मला खाटेवर बसवलं, शेवभाजी आणि भाकरी पुढं केली आणि आपणहोऊन सगळं सांगितलं. मला विचारावंही लागलं नाही.

गिरजाबाई जिवंत होती, रोहिणखेडलाच होती. तिला मूल नव्हतं, आणि त्या दिवशी वाटेत तिनं शांताला लोट्यातून काढा पाजला होता. बुलढाण्याला गाडी थांबली तेव्हा आई मेलेली आणि पोर गिरजाबाईच्या कुशीत जिवंत. लोकांना आणखी काय हवं होतं? पोलिसांनी लोटा नेला, काही निघालं नाही, तिला सोडलं. हे एवढं मी ऐकून होतो. ती सुटली, एवढ्यावर मी अठरा वर्षं झोपलो. पुढचं मला माहीत नव्हतं.

"लोट्यात नाही निघालं म्हणून पोटात नव्हतं काय, बाप्पा?" केशवराव म्हणाले. "पोरीसाठी केलं तिनं. तवापासून तिच्या हातचं कोनी खात नाही. तिचा नवरा बी नाही."

तिला टाकली नव्हती. घराच्या मागं एक पडवी दिली होती, वेगळी चूल दिली होती. ती मळ्यात राबते, भाजी पिकवते, मोताळ्याच्या बाजारात विकते. कच्चं चालतं. वांगं तिच्या हातून घेतात, त्याची भाजी तिच्या हातची घेत नाहीत.

आणि आता त्या पोरीचं, कमलचं, लग्न ठरलं होतं. दुसऱ्याच दिवशी ती रोहिणखेडला मामाच्या घरी केळवणाला जायची होती. इकडं त्याला गडगनेर म्हणतात. पुण्यात आपण केळवणाला चार पदार्थ कुणाकडूनही करून घेतो, कुणी पाहत नाही. इथं मामाकडचं केळवण म्हणजे मामीच्या हातचं. केशवरावांनी अट घातली होती की मामीनं चुलीला हात लावायचा नाही. नामदेवनं ती मान्य केली होती. गिरजाबाईची चुलत जाऊ रांधणार होती.

मी तिथंच बोलायला हवं होतं. समोर तो माणूस होता, वेळ होती. मी म्हणालो, शेवभाजी झणझणीत झाली आहे. त्यांनी आणखी वाढली.

राजूर घाट

केशवरावांनी मलाही चला म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी ते, कमल आणि मी एकाच गाडीनं निघालो. केशवरावांना ओळखीचा माणूस भेटला, ते पुढं जाऊन बसले. मी कमलच्या शेजारी. आईसारखी दिसते की नाही, मला सांगता येणार नाही. मी तिच्या आईला दोनदाच पाहिलं, आणि दुसऱ्यांदा ते पाहणं नव्हतं.

घाट आता सोपा वाटतो. डिझेलची गाडी गुरगुरत उतरते, सालईची झाडं मागं पळतात, खाली मोताळ्याकडची शेतं रांगोळीसारखी दिसतात. जाताना मी बाहेर पाहिलं नव्हतं; आता, ज्या वळणावर आमची गाडी थांबली होती ते मी ओळखलं. तिथं आता मैलाचा दगड रंगवला आहे.

आमची गाडी तिथं दमली होती. कोळशात ओलं लाकूड मिसळलेलं होतं, गॅस धरेना. उतारू खाली उतरले आणि चढ चालू लागले. गोधडीआड शांता आणि गिरजाबाई राहिल्या. मी पंखा फिरवायला लागलो. थोड्या वेळानं पोर रडायला लागली म्हणून गिरजाबाई तिला पदरात घेऊन उतरली आणि माझ्याजवळ आली. तिनं जे विचारलं ते मी त्यानंतर कुणालाही सांगितलं नाही. बायकोलाही नाही. ती म्हणाली, शांता डोकं दुखतं म्हणते, तिला खाली घेऊ का?

डोकं दुखणं म्हणजे काय हे मला माहीत होतं. वर्कशॉपात माझं स्वतःचं दुखलं होतं, उस्तादानं मला कॉलर धरून उघड्यावर ओढलं होतं. पण ती उतरली असती तर ड्रायव्हरनं विचारलं असतं का उतरली, झाकण पाहिलं असतं, लिंपण पाहिलं असतं. मी म्हणालो, "बसू द्या. बाहेर वारा आहे, बाळंतिणीला बाधेल."

आणि पंखा फिरवत राहिलो. अर्धा तास तरी. माझ्याच हातानं.

गॅस धरल्यावर सगळे चढले. गिरजाबाईनं गोधडी सरकवून पाहिलं. शांताचे गाल लाल दिसत होते, चेहरा छान. गाढ झोपली, म्हणाली. बुलढाण्याला पोलीस शिपायानं मला विचारलं, गाडीत काही बिघाड होता का? मी नाही म्हणालो. महिन्याच्या आत नोकरी सोडून पुण्याला आलो.

"तुमी माह्या आईले पाह्यलं होतं काय?" कमलनं अचानक विचारलं. बापाकडून तिला कळलं असणार.

मी हो म्हणालो.

"काही बोलली होती?"

मला आठवत होतं. शांतानं मला विचारलं होतं, भाऊ, हे लोखंड असंच गरम राह्यते काय? मी म्हणालो होतो, धाडपर्यंत. हे मी कमलला सांगितलं. ती थोडं हसली आणि खिडकीबाहेर पाहू लागली. मी तिला पुढचं सांगितलं नाही.

रोहिणखेड

मोताळ्याहून दुसऱ्या गाडीनं रोहिणखेडला पोचलो तेव्हा ऊन तापलं होतं. जुन्या मशिदीच्या काळ्या दगडांच्या सावलीत माणसं बसली होती, त्यांनी कमलकडं बोट दाखवून आपसात काही म्हटलं. नामदेवराव दारात उभे होते. केस पिकलेले, मला ओळखलं नाही. अंगणात पाट मांडले होते, चुलीवर पुरण शिजत होतं, चुलत जाऊ जाळ फुंकत होती. गिरजाबाई दिसत नव्हती. विचारलं तर नामदेवराव म्हणाले, मळ्यात आहे, असल्या दिवशी ती समोर येत नाही.

मी एकटा मळ्याकडं गेलो. ती वांग्याच्या वाफ्यात पाणी मोडत होती, हातात खोरं. पन्नाशीची असेल, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. मी नाव सांगायच्या आधीच तिनं खोरं टेकवलं.

"तुमी फिटर," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"मी साऱ्याइले सांगतलं, मी फिटरले इचारलं होतं म्हनून. तिले खाली घेऊ काय म्हनून. कोनी खरं मानलं नाही. तुमाले पाहाले मानूस धाडला, त तुमी पुन्याले." ती रागानं बोलत नव्हती. पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवता वळवता बोलत होती. "मले वाटे, मलेच सपन पडलं काय. इचारलंच नसंन."

मी बांधावर बसलो आणि सगळं सांगितलं. झाकण, लिंपण, पंखा, डोकेदुखी, शिपायाला दिलेलं उत्तर. मधेच तिनं एकदाच विचारलं, की तेव्हाच खाली घेतली असती तर वाचली असती का? मी म्हणालो, वाचली असती. पाणी वाफा भरून बांधावरून वाहायला लागलं तरी तिचं लक्ष नव्हतं.

मी माफी मागायला लागलो. तिनं हातानं थांबवलं. "अथं वांग्याइले सांगून काय होते, भाऊ? घरी चाला. साऱ्याइच्या समोर सांगा."

ती पुढं आणि मी मागं, असे आम्ही अंगणात आलो. तिला पाहून चुलत जाऊ चुलीपुढं आडवी उभी राहिली, भांड्यांवर सावली पडू नये अशी. मी उभ्यानंच सांगितलं. मळ्यात सांगितलं त्याच क्रमानं, एकही गोष्ट न गाळता.

केशवरावांना पहिल्यांदा ते पटेना. धूर नाही, वास नाही, आणि माणूस मरतो कसा, असं ते पुन्हापुन्हा विचारत राहिले. मी शाळेत मुलांना शिकवतो तसं भट्टीचं चित्र जमिनीवर काडीनं काढून दाखवलं. त्यांनी ते चित्र बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "आपल्या पायानं तुमी ही गोस्ट सांगाले आले, हेच लय झालं." मला वाटलं होतं ते मारतील. मला ते हवं होतं असंही म्हणायला हरकत नाही.

नामदेवराव खाली बसले होते. "गोधडी म्या बांधली होती," एवढंच म्हणाले. अठरा वर्षं आळ बायकोवर होता म्हणून गॅस कोंडणारी ती गोधडी कुणाला आठवायची गरज पडली नव्हती. आता पडली. मग ते उठले, बायकोच्या समोर गेले, पण तिच्या तोंडाकडं न पाहता म्हणाले, "गिरजे, जाय. चुलीपाशी बस. गडगनेर तुह्या हातचं होऊ दे."

चुलत जाऊ बाजूला सरकली. तिनं पळी पुरणाच्या भांड्यावर आडवी ठेवली. सगळे गिरजाबाईकडं पाहत होते. मला वाटलं, झालं. ज्यासाठी आलो ते झालं.

गिरजाबाई जागची हलली नाही. "मले नाही जमाचं," ती म्हणाली. "घरभराचं मीठ किती टाकतेत, ते मले आता समजत नाही. एकटीचं समजते."

कमल पुढं आली. तिनं मामीचा हात धरला. "खारट झालं तरी मी खाईन, मामी."

"तू खाशीन माय. पन मले भेव वाटते." तिनं आपला हात हळूच सोडवून घेतला. "उद्या कोनाच्या पोटात दुखलं, त हे भाऊ पुन्यावरून येतीन काय पुन्हा सांगाले?"

तिनं पायांवर पाणी घेतलं, पदराला हात पुसले आणि घराला वळसा घालून मागच्या पडवीत गेली.

चुलत जावेनं पळी पुन्हा उचलली. पुरणपोळ्या झाल्या, कढी झाली, कुरडया तळल्या. पहिल्या पंगतीत मला बसवलं, कमलच्या शेजारी, पाटाभोवती रांगोळी काढून. दूरवरून आलेला पाहुणा म्हणून तूप माझ्या पानात आधी पडलं. मागच्या पडवीतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. एकच भाकरी, मग आवाज थांबला. कमलनं घास हातात धरून तिकडं पाहिलं आणि मग खाल्ला.

"जेवा मास्तर, लाजू नका," नामदेवराव म्हणाले.

मी जेवलो. पोळी मऊ होती, आणि मला भूक लागली होती.